निळा दिवा आणि विसावी चाचणी

निळ्या दिव्याखाली कोंबड्या जास्त अंडी घालतात असं संचालकांच्या मनाने घेतलं, तेव्हा गणकबाईंना त्या संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं झाली होती. संगणक अजून यायचा होता. बाईंच्या टेबलावर दांडा फिरवून चालवायचं लोखंडी गणकयंत्र असे, आणि गुणाकार लांबला की ते इतकं खडखडायचं की शेजारच्या खोलीतली माणसं वैतागून चहाला उठायची. केंद्रातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तक्त्याखाली 'गणना तपासली' असं लिहून बाई सही करायच्या. ती सही दिसली की बाहेरचे लोक डोळे मिटून आकडे उचलत. बाईंनी एवढ्या वर्षांत कमावलं ते तेवढंच.

चाळीस पिंजरे होते. विसांवर निळे दिवे लावले, विसांवर साधे. तीन महिने अंडी मोजली, तर निळ्याखाली थोडी जास्त निघाली. पण थोडंफार कमीजास्त नुसत्या योगायोगानेही होतं. म्हणून चाचणी करायची. दिव्यात काहीच गुण नसता, तर एवढा फरक योगायोगाने शंभरात किती वेळा दिसला असता, ते ती सांगते. पाचाहून कमी आलं, तर मंडळी फरक खरा धरून चालतात. बाईंनी दांडा फिरवला. उत्तर आलं अकरा.

संचालकांचं तोंड उतरलं. परिषद नऊ दिवसांवर आली होती आणि भाषणाचं शीर्षक छापूनही गेलं होतं. मग अंड्यांचं वजन बघा म्हणाले. ते बघितलं, बावीस आलं. मग कवचाची जाडी, मग बलकाचा रंग, मग खुद्द कोंबडीचं वजन, मग तिने दाणे किती खाल्ले आणि किती सांडले. रोज सकाळी दारात उभं राहून ते काहीतरी नवं सुचवत, आणि बाई मुकाट्याने दांडा फिरवत. सहाव्या दिवशी, विसाव्या चाचणीला, निळ्या दिव्याखालच्या कोंबड्यांच्या फक्त गुरुवारच्या अंड्यांचं कवच जाड निघालं. शंभरात चार. संचालक शिट्टी वाजवत गेले. जाता जाता सांगून गेले की बाकीचे एकोणीस कागद कपाटात टाका, तक्ता एकच करा, आणि खाली तुमची सही.

पंचाईत अशी की गुणाकार चोख होता. चूक दाखवावी तर ती कुठेच नव्हती, आणि सही करायला हात धजत नव्हता.

घरी कपड्यांच्या घड्या घालताना बाईंनी हे नणंदेला सांगितलं. नणंदेला चाचणीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती हसत सुटली. लहानपणी दादा पत्ते खेळताना अस्संच करायचा म्हणे. हरला की हा डाव कच्चा, आणि जिंकला की पानं गोळा करून पसार.

"आणि वर आईला जाऊन सांगायचा, आज मी जिंकलो. आता यात खोटं काय होतं गं वहिनी?"

तिचा दादा म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनी वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं.

बाईंच्या डोक्यात खोडी शिरली ती तेव्हाच.

खुराड्याच्या दारात औषधी पाण्याचा उथळ हौद होता. आत जाणाऱ्याने त्यात बूट बुडवूनच जायचं, म्हणजे बाहेरचा रोग आत जात नाही. तिथले राखणदार काका एका वहीत सगळं टिपून ठेवत: कोण आलं, किती वाजता आलं, पायात काय होतं. बाईंनी ती वही मागवून घेतली आणि दोन दिवस दार लावून खडखडाट केला.

आठव्या दिवशी संध्याकाळी संचालक सही घ्यायला आले, तर टेबलावर दोन तक्ते होते. दुसऱ्यावर लिहिलं होतं: संचालक तपकिरी बूट घालून येतात, त्या दिवशी अंडी कमी पडतात. शंभरात दोन.

संचालकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांची नजर हळूच स्वतःच्या पायांकडे गेली. बूट तपकिरीच होते. त्यांनी ते खुर्चीखाली ओढून घेतले, आणि रंगाचा कोंबड्यांवर परिणाम होतो असं आपल्याला पहिल्यापासून वाटत होतंच, असं काहीसं बोलले.

बाईंनी हसू कसंबसं दाबलं. बुटांचा आकडा दिव्याच्या आकड्याहून लहान आहे, तेव्हा उद्या परिषदेत आधी बूट सांगावे लागतील, मग दिवा, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. सभागृहात काय हशा पिकेल ते संचालकांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. माणूस हुशार होता. नाहीतर वीस गोष्टी सुचल्या नसत्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"खरं सांगा बाई, या बुटांपर्यंत पोचायला किती चाचण्या लागल्या?"

आता बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्याची लबाडी दाखवायच्या नादात स्वतःच्या तक्त्यावर तो आकडा लिहायचा राहूनच गेला होता. काकांची टोपी, दाराची कडी, संचालकांची छत्री, सगळं तपासून झालं होतं.

"सदतीस," त्या म्हणाल्या.

"मग लिहा की तसं. सव्वीस वर्षं सह्या करताय, एवढंही कळू नये?"

संचालक भलतेच खुशीत आले होते. बाईंनी निमूट लिहिलं: सदतीस चाचण्यांपैकी एक. सही केली, शाई टिपली. मग पेन उलटं धरून संचालकांपुढे केलं, आणि दुसऱ्या हाताने गुरुवारच्या कवचांचा तक्ता सरकवला.

संचालकांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. शीर्षक छापून गेलंय, असं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, जाऊ दे. पुढच्या वर्षी फक्त गुरुवारची कवचं मोजायची असं आधीच लिहून ठेवू, आणि तेव्हाही शंभरात चार आलं तर पहिली टाळी माझी.

शेवटी संचालकांनी पेन हातात घेतलं. तक्ता पुढे ओढून लिहिलं. 'वीस चाचण्यांपैकी एक' ही अक्षरं त्यांनी इतकी बारीक काढली की मुंगीलाही चष्मा लागावा.

"जरा ठळक काढा साहेब," बाई म्हणाल्या, "मागच्या रांगेतल्यांनाही दिसायला हवं."

सुस्कारा टाकून त्यांनी ती अक्षरं पुन्हा गिरवली. बाईंनी वाकून वाचली, आणि खाली सही केली.