मागच्या खोलीतलं काम

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. टाके घालणं, गळू फोडणं, जखमांची ड्रेसिंग, सगळं तिथेच व्हायचं. तेव्हा तपासणीचे वेगळे आणि अशा हातकामाचे वेगळे पैसे मिळत. पुढे आरोग्य योजनेने पद्धत बदलली. दवाखान्यात नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसामागे डॉक्टरला वर्षाला ठरावीक रक्कम; मग तो एकदा येवो की पन्नासदा.

बाईंना आधी हायसंच वाटलं. बीपीच्या पेशंटना आपण पूर्वी उगाच दर पंधरा दिवसांनी बोलवायचो, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. आता त्या फोनवर विचारपूस करू लागल्या, सिगारेट ओढणाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागल्या. पण मागची खोली हळूहळू बंद पडली. ठरवून कुणी केली नाही. एका ड्रेसिंगला वीस मिनिटं जायची, बाहेर बाकावर माणसं ताटकळायची. त्यापेक्षा हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिणं सोपं. खोलीत रिकामी खोकी साठली.

अशातच ड्रायव्हरकाका आले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. मधुमेह जुना, जीभ तिखट. डाव्या पायाच्या करंगळीला बूट चावून फोड आला होता, तो फुटला होता.

"रोज धुऊन बांधायला लागेल, काका. चिठ्ठी देते, हॉस्पिटलात जा."

"इथेच व्हायचं की पूर्वी!"

"तिथे सोय चांगली आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी सून त्यांना टॅक्सीत घालून घेऊन आली. मोजा काढायच्या आधीच वास आला. करंगळी काळी पडली होती.

"दोन बस बदलून जायचं आणि तीन तास बसायचं," सून रडवेली होऊन म्हणाली. "दोनदा गेले. नंतर ऐकेचनात."

बाईंनी स्वतः सर्जनला फोन लावला. त्याच दिवशी करंगळी काढावी लागली. पाय मात्र वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हॉस्पिटलात गेल्या. काका उशीला टेकून बसले होते.

"हा क्लचचा पाय," ते म्हणाले. "ब्रेकचा शाबूत आहे. काळजी नको."

बाईंना हसू आलं नाही. "काका, चूक माझी झाली. वीस मिनिटं वाचवायला गेले मी."

"चिठ्ठीचं काही नाही, डॉक्टर. पण देताना तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत."



दवाखान्यात परतल्यावर त्या तिथल्या सिस्टरना म्हणाल्या, "तुम्ही तरी मला टोकायचं होतं."

"टोकलं होतं. तुम्ही म्हणालात, वेळ कुठाय."

दोघींनी मिळून खोकी बाहेर काढली, टेबल घासलं. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार ड्रेसिंगसाठी ठेवली. रोजचं कसं बांधायचं ते सिस्टरनी पेशंटच्या घरच्यांना शिकवायचं ठरलं. या कामाचे वेगळे पैसे द्यावेत म्हणून बाईंनी योजनेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. बाकावरची कुरकुर वाढली, दोन कुटुंबं नाव काढून दुसऱ्या डॉक्टरकडे गेली.

एका शुक्रवारी काका सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता बघत राहिल्या.

"दुखतंय कुठे?"

"इथे," काका म्हणाले, आणि त्यांनी करंगळीच्या जागी बोट टेकवलं.