नऊ गुणांचा अर्ज

माझ्या नववी 'ब'ची पोरं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पाया पडायला वाकली की त्यांच्याच तोंडून "आई गं" निघतं आणि मला हाताला धरून उठवावं लागतं. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, पण गुडघे त्यांच्यापेक्षा बरे आहेत.

तर या पोरांनी मेळावा ठरवला. सकाळी मिसळ, मग शाल-श्रीफळ आणि शेवटी जुन्या वर्गात, जुन्या बाकांवर बसून अर्ध्या तासाचा खराखुरा तास. हल्ली सगळीकडे हे खूळ आलंय. बाईंनी हजेरी घ्यायची, फळ्यावर काहीतरी विचारायचं, एखाद्याला अंगठे धरायला लावायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे. त्या काळच्या शिक्षकांत चालतीबोलती उरलेली मी एकटीच, त्यामुळे तास गणिताचा ठरला. हे कळल्यावर तिघांनी येणं रद्द केलं म्हणे.

प्रमुख पाहुणा धवल. हा सह्यगिरी मोटर्सचा सगळ्यात मोठा साहेब. अंबडला त्यांचा कारखाना आहे, तिथे 'गरुडा' नावाची गाडी बनते. नाव गरुडा, पण कसारा घाटात ती कोंबडीसारखी धापा टाकते. हे साऱ्या नाशिकला ठाऊक असल्यामुळे कुणी ती घेत नाही. कंपनी बुडायला आली होती आणि सरकारने तिला वाचवावं की नाही, यावर महिनाभर पेपर भरून येत होते. धवलने मला आणायला पंचवटीत मुद्दाम नवी कोरी गरुडा पाठवली. ती द्वारका चौकातच बंद पडली. ड्रायव्हर बिचारा फोनवर इतका ओशाळला, की मीच त्याची समजूत काढली.

मग मी रियाजला बोलावलं. रियाजही नववी 'ब'चाच, पण नववीत नापास होऊन मागे राहिला, त्यामुळे दहावीच्या फोटोत तो नाही. अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. गरुडाच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या तिथे बनतात. त्या गाडीत न वाजणारी तेवढी एकच वस्तू आहे. दर ईदला शीरखुर्मा घेऊन येणारा माझा हा एकमेव विद्यार्थी. टेम्पो घेऊन पंधरा मिनिटांत हजर झाला.

"काय रे, वाळलास?" मी विचारलं.

"डाएट चालू आहे, बाई," तो हसून म्हणाला.

पण पूल ओलांडेपर्यंत मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. सह्यगिरीने चार महिने त्याला दमडी दिलेली नव्हती. त्याच्याकडे बावीस माणसं कामाला होती. महिनाअखेरीपर्यंत काही हाती लागलं नाही, तर वर्कशॉपला कुलूप लागणार होतं.

"पण सरकार कंपनीला मदत देतंय ना?"

"कंपनीला देतंय, बाई. आधी बँकांचं भागवणार. आमच्यासारख्यांचं नंतर बघू म्हणतात."

"मग धवलला भेट की. तुझ्या बाकावर बसायचा तो."

"रोज जातो. खरेदी विभागाच्या बाहेर एक बाक आहे, तिथे आम्ही सगळे छोटे पुरवठादार बसतो. साहेबांची लिफ्ट पलीकडच्या बाजूला आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही त्याला काही बोलू नका हं. आजचा दिवस चांगला जाऊ दे."

शाळा येईपर्यंत मी एक जुनी गोष्ट आठवत बसले.

वर्गात बाकं आखूड आणि पोटं मोठी, असा प्रकार होता. मी हजेरी घेतली. "हजर बाई" म्हणताना सगळ्यांचे आवाज पुन्हा पोरकट झाले. मी मुद्दाम नववीचंच हजेरीपत्रक आठवून म्हणत होते, त्यामुळे एकतीस नंबरला रियाजचं नाव आलं. तो शेवटच्या बाकावरून दचकून "हजर" म्हणाला.

"आता उदाहरण," मी खडू घेतला. "एक कारखाना आहे. त्याने वाईट गाडी बनवली, ती खपली नाही, कारखाना बुडाला. सरकारने लोकांच्या करातून त्याला वाचवावं का? धवल, उभा राहा."

सगळे खिदळले. धवल उभा राहिला, कोटाचं बटण लावलं आणि त्याने मंत्र्यांपुढे करायचं भाषण आम्हाला ऐकवलं. कारखान्यावर नऊ हजार घरं अवलंबून आहेत, तो बंद पडला तर अंबडमधल्या टपऱ्यासुद्धा बंद पडतील, चूक साहेबांची असली तरी शिक्षा कामगारांना का. बोलला छान. खोटंही काही नव्हतं त्यात.

"पाच वर्षांमागे फायदा झाला होता ना रे? तो कुणाला वाटलात?"

"भागधारकांना, बाई."

"आणि तोटा आम्हाला वाटताय होय?"

तेवढ्यात ललिता उठली. लग्न होऊन ती पिंपळगाव बसवंतला गेली, तिथे तिचा मसाल्याचा व्यवसाय आहे. "बाई, माझा मसाला दोनदा बुडाला. चौदा बाया होत्या कामाला. सरकारनं साधं इचारलंसुदीक नाय. चौदा घरं बुडाली तर बुडू द्या, आन् नऊ हजार बुडायला लागली का मंत्री पळत येत्यात. म्हंजे बुडायचं आसंल तर लय मोठं होऊन बुडावं!"

टाळ्या पडल्या. धवलनेही वाजवल्या, पोरगा तसा वाईट नाही.

आता मी "बसा" म्हणायला हवं होतं. फोटो झाले असते, आइस्क्रीम झालं असतं. पण ती छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ओठांवर आली होती आणि आता नाही तर कधीच नाही, हे मला माझ्या वयावरून कळत होतं.

"एक गोष्ट सांगते," मी म्हणाले. "नववीच्या वार्षिक परीक्षेत या वर्गातले दोघे गणितात नापास झाले होते. पस्तीसला पास. एकाला तेहतीस होते, दुसऱ्याला सव्वीस. सव्वीसवाला दहावीत गेला."

धवल हळूच म्हणाला, "बाई, छत्तीस वर्षं पोटात ठेवलंत, अजून थोडी कळ काढायची होती ना!"

सगळे पुन्हा हसले. मीही हसले, आणि मग हसू येईना.

"पालकांनी अर्ज केला, तर दहापर्यंत गुण वाढवून मिळायचे. शाळेचा तसा नियम होता, पण तो कुठे लिहून लावलेला नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांना ठाऊक होता. धवलच्या वडिलांचा अर्ज आला, मी शिफारशीची सही केली. निकालाच्या दिवशी रियाजचे वडील आले होते. भद्रकालीत पत्र्याच्या पेट्या करायचे ते. दाराबाहेर टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, बाई, दोनच मार्क कमी पडलेत, काही होऊ शकतं का? अर्ज करा, एवढे दोन शब्द मला बोलायचे होते. मी म्हणाले, नियम म्हणजे नियम. पोरगं एक वर्ष मागे राहील, पण पक्कं होईल." मी खडू टेबलावर ठेवला. "याला मी शिस्त म्हणत होते. मला त्याची लाज वाटते, रियाज. तुला हे कधीच सांगितलं नाही, त्याची जास्त वाटते."

रियाज शेवटच्या बाकावर खाली बघत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "अब्बा घरी येऊन म्हणाले, तुझं डोकं हिशोबाचं नाही, दहावी झाली की पत्र्याला लाग. मलाही ते खरंच वाटलं."

ललिता पदराने डोळे टिपत होती.

"धवल," मी म्हणाले, "तुझा सरकारकडचा अर्ज कधी जायचाय?"

"मंगळवारी."

"सरकारने मदत द्यावी की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. ललिताचं म्हणणं मला पटतं आणि तुझंही खोटं वाटत नाही. पण त्या अर्जात याचं नाव आहे का, एवढं सांग."

धवल उभाच होता. त्याने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मला वाटतं, रियाजला त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बिजागऱ्या तू देतोस?"

"बारा वर्षं झाली," रियाज म्हणाला.

धवल टेबलाशी आला आणि माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाला, "पुरवठादारांचं परिशिष्ट जोडतो, बाई. पहिला हप्ता आला की आधी त्यांचं भागवायचं, अशी अटच घालून घेतो. बँका ओरडतील, मी बघून घेईन. पण अडचण अशी आहे की..."

"काय?"

"नावं मला माहीत नाहीत. आमच्याकडे प्रत्येकाचा नुसता नंबर असतो."

"गाड्या बनवता की कैदी सांभाळता रे?" मी खडू उचलून पुढे धरला. "रियाज, तुला माहीत आहेत?"

"चार महिने एकाच बाकावर बसतोय आम्ही," तो म्हणाला आणि पुढे आला.

त्याने फळा पुसला. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. सातपूरचे स्प्रिंगवाले, सिन्नरचे रबरवाले, अंबडच्या मागच्या गल्लीत वायरची जुडगी बांधणाऱ्या दोन बहिणी. प्रत्येकाचं नाव, कामाला माणसं किती, किती महिने थकले. अक्षर वळणदार, आकडे एकाखाली एक सरळ. हिशोबाचं डोकं नसलेल्या माणसाने चाळीस नावं एकदाही न अडखळता लिहिली. बाकावरची मंडळी मान वर करून वाचत होती. धवल मोबाइल हातात घेऊन फोटोसाठी थांबला होता.

चाळिसावं नाव लिहून रियाजने खडू ठेवला आणि हात झटकले.

मी खुर्चीत बसून फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

"अरे, तुझं नाव कुठाय?"

रियाजने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांवर शीरखुर्म्याचा डबा देतानाचं ते नेहमीचं हसू होतं.

"बाई," तो म्हणाला, "त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो ना?"

मी खुर्चीचा आधार घेऊन उठले. फळ्याच्या तळाशी थोडी जागा उरली होती. तिथपर्यंत पोचायला मला खाली वाकावं लागलं. धवल धरायला पुढे झाला, त्याला मी हातानेच थांबवलं. एकेचाळीसचा आकडा घातला आणि पुढे रियाजचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.