अक्काचं मत

अक्का वारली त्याच्या पंधराव्या दिवशी तिनं नव्या सिनेमाबद्दल आपलं मत सांगितलं. ते तिनं गौराबाईच्या तोंडून सांगितलं. गौराबाई आमच्याकडे दूध घालते. तिनं माप पातेल्यात उपडं केलं, मान वर केली आणि अक्काच्या आवाजात म्हणाली, "गाणी बरी आहेत. पण त्या मुलीला काम येत नाही. नुसती ओढणी सावरत असते." मग पदरानं तोंड पुसून स्वतःच्या आवाजात म्हणाली की म्हैस दूध चोरायला लागलीय, उद्या जरा कमी येईल.

मी पातेलं आत नेलं आणि दूध तापत ठेवलं. तो सिनेमा लागून चार दिवस झाले होते. म्हणजे अक्कानं तो नंतर पाहिला असणार, एवढंच माझ्या मनात आलं. आवाजाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. "पण" म्हणण्याआधी अक्का जेवढी थांबायची तेवढीच गौराबाई थांबली होती.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तासगावातल्या शाळेत तिनं तीस वर्षं भूगोल शिकवला, मी पोस्टात काउंटरला होते. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं, ते मागे पडत गेलं. आम्ही दोन खोल्यांत राहायचो. अक्का पेपर शेवटच्या पानापासून वाचायची आणि भाजी निवडता निवडता मतं द्यायची. या पुलाचा पाया चुकलाय. हा मंत्री वर्षभरात पक्ष बदलणार. हल्लीच्या गाण्यांत श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीत. शेजारची सुरेखा कुठलाही सिनेमा बघायला जायच्या आधी अक्काला विचारून जायची, आणि आल्यावर अक्काचंच मत आम्हाला परत सांगायची. स्वतःबद्दल मात्र अक्कानं कधी मत दिलं नाही. माझ्याबद्दलही नाही. एकदा मी लांब केस कापून खांद्यापर्यंत करून आले, तेव्हा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि कांद्याच्या निर्यातीबद्दल बोलली.

सांगलीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "त्रिशला, मला घरी ने."

डॉक्टरांची हरकत नव्हती. मी म्हटलं, उद्या नेते. खरं कारण असं की मला आणखी एक दिवस रिकाम्या घरात, कुणाचंही मत न ऐकता, पडून राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ती गेली. मी तेव्हा खाली गाडी ठरवत होते. आदल्या दिवशी मी "उद्या" म्हटल्यावर ती काहीच बोलली नव्हती, नुसती खिडकीकडे बघत राहिली होती. जगातल्या एवढ्या गोष्टींवर बोलणाऱ्या बाईचं त्या एका गोष्टीवरचं मत राहूनच गेलं.

गौराबाईनंतर दोन दिवसांनी मंडईतली जैतूनबी बोलली. मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकताना तिनं अक्काच्या आवाजात सांगितलं की रस्ता रुंद करायला कापलेली झाडं पुन्हा लावणार म्हणतात, पण लावणार नाहीत. मग पोस्टातला नवा कारकून बोलला. मग एसटीचा कंडक्टर. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला एकच मत यायचं, ते सिनेमाचं, गाण्याचं किंवा पेपरातल्या बातमीचं असायचं, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळायचं नाही. बोलून झालं की त्यांचं स्वतःचं त्या विषयावरचं मत मात्र परत येत नसे. सुरेखाला रडके सिनेमे फार आवडायचे. अक्का तिच्या तोंडून तीन वेळा बोलल्यावर ती टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहू लागली. तिला मी विचारलं, आवडतंय का. ती म्हणाली, अजून कुणी सांगितलं नाही.

मला ऐकायचं होतं ते एकच. एके दिवशी सुरेखा अक्काच्या आवाजात एका गायकाबद्दल बोलत होती, तेव्हा मी मध्येच विचारलं, "अक्का, मी तुला नेलं नाही, त्याचं काय?"

सुरेखानं वाक्य पूर्ण केलं. गायकाचा वरचा सूर कच्चा होता. मग ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "कुठं नेलं नाही?"

असं मी पाच-सहा जणांना विचारून पाहिलं. कंडक्टरनं मला तिकिटासाठी परत विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अक्का पूर्वी बोलायची तशीच आताही बोलते. पेपरात आलेल्या, रेडिओवर लागलेल्या, पडद्यावर दिसलेल्या गोष्टींवरच. आमच्या दोघींमधली गोष्ट यातल्या कशातच आली नव्हती.

म्हणून मी माणिक कोरेंकडे गेले. ते गावातलं चार पानी साप्ताहिक काढतात. मी त्यांना कागदावर लिहून नेलेल्या चार ओळी दिल्या. निवृत्त पोस्ट कर्मचारी त्रिशला मगदूम यांनी आपली थोरली बहीण पद्मावती हिला तिनं सांगूनही दवाखान्यातून घरी नेलं नाही. बहीण दुसऱ्या दिवशी तिथंच वारली. घरी नेणं शक्य होतं. नेलं नाही याचं कारण कंटाळा.

कोरेंनी त्या दोनदा वाचल्या.

"मॅडम, ही बातमी होत नाही."

"का?"

"असं सगळ्यांच्याच घरी होतं."

मी म्हटलं, तरी छापा. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, अक्काच्या आवाजात आपल्याच साप्ताहिकाच्या शुद्धलेखनाला नावं ठेवली आणि कागद ट्रेमध्ये टाकला.

बातमी शनिवारी तिसऱ्या पानावर आली. मी सकाळी सातलाच दारात जाऊन उभी राहिले. गौराबाई आली, तिनं दूध घातलं, मान वर केली. ती बोलली ते स्वतःच्या आवाजात.

"न्यायला पायजे हुतं बघा," ती म्हणाली.

मंडईत जैतूनबी म्हणाली, दमली असशील गं. पोस्टातल्या कारकुनाला वाटत होतं की पहिल्या दोन ओळी चांगल्या आहेत, शेवटची जास्त झाली. कंडक्टरनं मागच्या सीटवरच्या माणसाशी माझ्याबद्दल बोलता बोलता मला तिकीट दिलं. सगळ्यांची मतं त्यांची त्यांना परत मिळाली होती. ती मतं माझ्याबद्दल होती. अक्का त्या दिवशी कुणाच्याच तोंडून बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

नऊ दिवस मी वाट पाहिली. या नऊ दिवसांत गावात दुसरा विषय उरला नाही. पुढच्या शनिवारच्या अंकात त्याच चार ओळी पहिल्या पानावर आल्या आणि बाकीची पानं कोरी होती. लोक ती कोरी पानंही उलटून बघत होते. रेडिओ लावला तर त्याच ओळी चालीवर म्हटल्या जात होत्या. चाल चांगली होती. बँडवाले चौकात तिची तालीम करत होते. पिठाच्या गिरणीत दोन बायका भांडत होत्या की दुसरं कडवं लांबलंय की नाही. मला बघून त्या थांबल्या आणि त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, थोडं लांबलंय. घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी ते गुणगुणते आहे.

सुरेखा आता टीव्हीसमोर हसायची आणि रडायची. दारावरून जाताना मी खिडकीतून पाहिलं तर टीव्हीवर आमची गल्ली दिसत होती, आणि गल्लीत एक बाई तिच्या खिडकीतून आत बघत उभी होती.

मंगळवारी टॉकीजवर पोस्टर लागलं. त्यावर दवाखान्यातली एक खाट रंगवली होती आणि खाटेशेजारी एक रिकामी खुर्ची. कोणाचं नाव नव्हतं. तीनचा खेळ होता. मी जायचं नाही असं ठरवलं आणि जेवून आडवी झाले. अडीच वाजता गल्ली शांत झाली. मग गिरणी बंद पडली. मग रस्त्यावरचा सगळाच आवाज थांबला. उठून बाहेर आले तर घरांची दारं उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. जैतूनबीच्या हातगाडीवर मेथी तशीच पडली होती. उन्हातून चालत मी टॉकीजला गेले, कारण माणसं फक्त तिथंच असणार होती.

दारावरच्या माणसानं तिकीट मागितलं नाही.

"कधीपासनं थांबवलाय तुमच्यासाठी," तो म्हणाला.

आत सगळं गाव बसलं होतं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. पडद्यावर पोस्टरवरचीच खोली होती. खाटेवर अक्का होती, हाताला सुई लावलेली, केस विंचरलेले. शेजारची खुर्ची रिकामी. सलाईनचा थेंब नळीच्या टोकाशी लोंबत होता आणि पडत नव्हता. मी मधल्या वाटेनं पुढे गेले. लोक पाय आत घेऊन मला जागा देत होते. पहिल्या रांगेपुढे तीन पायऱ्या होत्या, त्या चढल्यावर पडदा आला. तो कापडाचा नव्हता, त्याच्या जागी दवाखान्याची फरशी सुरू होत होती. मी चपला पायऱ्यांवर काढल्या आणि जाऊन खुर्चीत बसले.

थेंब पडला. अक्कानं डोळे उघडले. तिच्या अंगाला फिनेलचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. तिनं मला पाहिलं आणि जे म्हणायचं होतं ते म्हटलं, त्याच सुरात, माझं नाव आधी.

पुढचं वाक्य माझं होतं. अंधारात सगळ्यांना ते पाठ होतं. कितीतरी जण ते ओठांतल्या ओठांत म्हणत असल्याचं मला ऐकू येत होतं. "उद्या" हा शब्द मागच्या रांगांतून पुढे सरकत आला आणि माझ्या गुडघ्यांपाशी थांबला.

"चल," मी म्हटलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातातली सुई काढली आणि त्या जागी कापूस दाबून धरला. तिच्या अंगाखाली हात घालून तिला उचललं. मला वाटलं होतं तेवढी ती हलकी नव्हती. ती खरोखरच्या माणसाएवढी जड होती, आणि माझ्या कमरेतून कळ गेली. तिनं हात माझ्या गळ्यात टाकले. हे तिनं कधीच केलं नव्हतं, लहानपणीसुद्धा नाही, कारण उचलून घ्यायची पाळी नेहमी तिची असायची.

तिला घेऊन मी पायऱ्या उतरले. पाठीमागे खाट, खुर्ची, खिडकी सगळं एकेक करून पांढरं झालं. दरवाजा समोर होता, त्याच्या फटीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. मी चालायला लागले आणि मधली वाट लांब झाली. आधी तिच्या दोन्ही बाजूंना तीस रांगा होत्या, आता साठ झाल्या. प्रत्येक रांगेत ओळखीचे चेहरे होते. कोरे होते, कंडक्टर होता, गौराबाई पदर सावरून बसली होती. मी कुणाकडे न बघता पावलं मोजत गेले. अर्ध्या वाटेवर माझी पकड सैल व्हायला लागली. अक्काला मी जरा वर सरकवलं. तिचा गाल माझ्या मानेला लागला. तो गरम होता.

"जवळ आलंय," मी तिला सांगितलं.

सिनेमात पुढे काही नव्हतं. पडदा पांढरा पडून राहिला तेव्हा लोकांना वाटलं, संपला. दिवे लागले. पहिल्यांदा मागच्या रांगा उठल्या, मग सगळ्याच. ते वाटेत आले, मला पाठमोरे होऊन दरवाज्याकडे निघाले आणि नेहमीसारखे रेंगाळत, वळून वळून एकमेकांशी बोलायला लागले. आवडला का. सुरुवातीला बरा होता. गाणं एकच होतं. शेवट पटला नाही. त्यांच्या पाठींची भिंत तयार झाली आणि ऊन दिसेनासं झालं. मी म्हटलं, वाट द्या, माणूस आजारी आहे. माझ्या पुढे सुरेखा उभी होती. तिनं वळून आमच्याकडे पाहिलं, अक्काकडे, मग माझ्याकडे, आणि बोट ओठांवर ठेवलं.

तिच्यापाठोपाठ बाकीचेही गप्प झाले. सगळे आमच्याकडे वळले.

अक्कानं माझ्या कानाशी श्वास आत घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.