मताला मत नाही

वकीलसाहेबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि धाकटीनं तोंड फिरवलं. वाचक मंडळाकडे कादंबरीची प्रत एकच होती. महिनाभर ती सगळ्यांच्या घरी फिरून आली होती, आणि पानापानावर कुणाच्या चहाचे, कुणाच्या तेलकट बोटांचे ठसे होते. समासात पेन्सिलीनं शेरे मारायची पद्धत होती. ‘किती खरं!’ असं एका ठिकाणी, ‘डोळे भरून आले’ असं दुसऱ्या ठिकाणी. डोळे कुणाचे भरून आले ते लिहिलेलं नव्हतं, पण त्या पानावर कसला तरी चिकट डाग मात्र होता.

"काय शैली आहे!" वकीलसाहेब म्हणाले. "ऐका. ‘तिनं वडिलांचं अंग हलक्या हातानं पुसलं, आई तान्ह्या बाळाचं पुसते तसं. खोलीत साबणाचा मंद सुगंध दरवळत राहिला.’ वा! सेवेतलं सौंदर्य म्हणतात ते हे."

साबणाचा सुगंध! धाकटीनं हातातली बशी खाली ठेवली. तीन वर्षं तिनं बाबांचं अंग पुसलं होतं आणि त्या खोलीत साबणाचं काही चाललं नव्हतं. गादीला, पडद्यांना, धुऊन वाळवलेल्या चादरींना एकच वास असायचा, आणि तो तिच्या केसांत बसून भाजीबाजारापर्यंत यायचा. लेखकाला बिचाऱ्याला सर्दी झालेली असावी.

ती आज पहिल्यांदाच इथे आली होती. बाबा जाऊन वर्ष झालं, आता जरा बाहेर पड, चार माणसांत बस, असं म्हणून ताईनं तिला जवळजवळ ओढतच आणलं होतं. मंडळ बाईंच्या घरी भरायचं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या दिवाणखान्यात घरातल्या सगळ्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, काही उंच, काही बुटक्या, आणि कोण कशावर बसणार हे बाईच ठरवायच्या. नियमही त्यांनीच घालून दिलेला होता.

"प्रत ज्याच्या मांडीवर, त्यानंच बोलायचं," त्यांनी सुरुवातीलाच धाकटीला समजावलं होतं. "आणि मताला मत नाही. कुणी काहीही म्हणो, उत्तर द्यायचं नाही. आपलं सांगायचं नि प्रत पुढे द्यायची. पूर्वी इथे वाचण्यापेक्षा भांडणंच जास्त व्हायची हो."

हा नियम तिला बरा वाटला होता. पण तिथे बसून पाच मिनिटं होतात न होतात तोच बाईंच्या पलीकडे बसलेल्या काकू तिच्याकडे वळल्या. काकूंचं मुलींच्या कपड्यांचं दुकान होतं आणि त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला रस्त्यावरून आत आणणारा होता.

"तुम्ही ह्यांच्या धाकट्या बहीण का? नशीबवान आहात हो! वडिलांचं सगळं ह्यांनी एकटीनं निस्तरलं. तीन वर्षं! भरवणं, धुणं, रात्रीची जागरणं. आम्ही दर महिन्याला ऐकायचो नि रडायचो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताई खिडकीचा पडदा सारखा करत होती. पडदा चांगला सरळ होता.

ताई रविवारी यायची. येताना फळं आणायची, दारात चपला काढायच्या आधी रुमाल नाकाला लावायची, बाबांच्या कपाळावर हात ठेवून "बरे दिसताहेत" म्हणायची आणि उन्हं उतरायच्या आत परतायची. धाकटीनं चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली होती, ताईनं रविवारची दुपार. आणि इथे येऊन ही बाई दर महिन्याला बाबांना धूत होती, पुसत होती, त्यांच्या उशाशी जागत होती, वर लोकांच्या डोळ्यांना पाणी आणत होती! आयत्या बिळावर नागोबा. धाकटीला तिच्या शेजारी बसवेना. तिनं खुर्ची बोटभर बाजूला सरकवली.

आपली पाळी आली की सांगून टाकायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. आवाज चढवायचा नाही. बाबा माझ्या घरी होते, तीन वर्षं मी त्यांचं केलं, ताई रविवारी येत होती. बस्स, एवढंच. ताईचं बोलून झालेलं असेल आणि नियमाप्रमाणे तिला उत्तर देता येणार नाही. बाईंचा नियम किती सोयीचा आहे हे धाकटीच्या तेव्हा लक्षात आलं.

प्रत काकूंच्या मांडीवर आली.

"मी काही मोठी वाचणारी नाही, पण रात्री दुकानातून आले की दहा पानं वाचल्याशिवाय झोप येईना मला," काकू म्हणाल्या. "इतकी गोड मुलगी! फक्त ते एक प्रकरण फाडून टाकावंसं वाटलं. ती बापावर हात उगारते ते. शी! सोन्यासारख्या पुस्तकाला गालबोट लावलंन् मेल्यानं. असं कुठली मुलगी करील? आणि तेही आजारी माणसाला? मला त्या दिवशी घास उतरला नाही."

मान हलवायला नियमात बंदी नव्हती. वकीलसाहेबांनी चांगली तीनदा हलवली.

बाईंनी प्रत घेतली, ते पान काढलं आणि सर्वांना दिसेल असं उंच धरलं. समासात त्यांच्या नेटक्या अक्षरात ‘अशक्य’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"अशी माणसं जगात नसतात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ती आपल्यात नसतात. लेखकानं आपल्यातलं घर दाखवायचं आणि त्यात असलं माणूस आणून बसवायचं, हे मला पटत नाही. वाचताना हात धुवावेसे वाटले."

ताईनं आपल्या पाळीत प्रत धाकटीला वाचायला दिली होती, पण ते प्रकरण तिनं वाचलेलं नव्हतं. कशाबद्दल आहे हे पहिल्या ओळीवरून कळलं तेव्हा तिनं पुढची पानं एकदम उलटली होती.

मग प्रत ताईकडे आली. ताईनं नेहमीच्या सवयीनं पदर सारखा केला. "बाबांना भरवताना मला..." अशी तिनं सुरुवात केली आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंनी पर्समधून रुमाल आधीच काढून ठेवला. पण ताई तिथेच थांबली. तिनं पानं मागे चाळली आणि बाईंच्या त्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"हे अशक्य नाही," ती म्हणाली. "मी मारलंय."

तिनं बोट त्या शेऱ्यावरून उचललं नाही.

"बाबा गोळी गालात धरून ठेवायचे. गिळली असं वाटायचं आणि थोड्या वेळानं थुंकायचे. त्या दिवशी दोनदा अंगावर थुंकले. तिसऱ्यांदा तोंडावर. मी एक ठेवून दिली. त्यांची कवळी निसटून मांडीवर पडली. ते तिच्याकडे बघत राहिले नि म्हणाले, ही कुणाची? मी ती नळाखाली धुतली, परत बसवली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलेलं पुसलं. रडले-बिडले नाही. मग बाबांनी मला हाक मारली आणि विचारलं, हात दुखला का गं?"

ताई सगळं एका सुरात सांगत होती, वाचून दाखवावं तसं.

"त्या पुस्तकातली मुलगी दोन पानं रडते. तेवढंच मला खोटं वाटलं."

धाकटीच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. कवळी तिनं स्वतः धुतली होती. दूध तिनं पुसलं होतं. हात दुखला का, हे बाबांनी तिला विचारलं होतं, आणि हे तिनं जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तो रविवार नव्हता. घरात ती आणि बाबा सोडून कुणी नव्हतं. फक्त संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कडीला संत्र्यांची पिशवी लटकत होती, आणि वरच्या शेजारणीनं ठेवली असेल असं तिनं धरून चाललं होतं. बाबांच्या खोलीची खिडकी जिन्याकडे उघडायची, तिथून आतल्या ओट्यापर्यंत दिसायचं.

म्हणजे ताई आली होती. खिडकीतून सगळं बघून, पिशवी अडकवून, बेल न वाजवता परत गेली होती. त्यानंतर किती रविवार आली, किती वेळा समोर बसून चहा प्यायली, आणि एका शब्दानं बोलली नाही.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. काकूंनी बाहेर काढलेला रुमाल घडी करून परत आत टाकला आणि त्या ताईच्या बाजूनं आखडून बसल्या, कपड्यांना काही लागू नये तशा. बाईंचा चेहरा वर्गातल्या दांडग्या मुलाकडे बघताना होत असावा तसा झाला.

"पुढे," त्या म्हणाल्या.

ताईनं प्रत धाकटीच्या मांडीवर ठेवली. ठेवताना तिनं धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उपकारही नव्हता. नुसती वाट बघणं होतं.

धाकटीजवळ वाक्य तयार होतं. बाबा माझ्या घरी होते. पण ते वाक्य आता एकटं येणार नव्हतं. तीन वर्षांचं धुणंपुसणं परत मागायचं, तर ती चपराकही पदरात घ्यावी लागणार होती. आणि समोर ही माणसं बसली होती, साबणाचा वास आवडणारी, हात धुवावेसे वाटणारी. काय किळसवाणी माणसं, तिला वाटलं. यांच्यापुढे कशाला तोंड उघडायचं? कुणीच तिला घाई केली नाही, आणि मग तिला बरं वाटू लागलं. आपल्याला कुणाला काही सांगायची गरजच उरलेली नाही, सगळं परस्पर झालंय, असं बरं. त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली. तरी ते गेलं नाही.

"माझं पुस्तक पुरतं वाचून झालेलं नाही," ती म्हणाली आणि प्रत पुढे दिली.

नंतर दोघंतिघं बोलली. ओघ, भाषा, शेवट. चहा आला. ताईच्या समोरच्या तिपाईवर कप ठेवला गेला, पण बिस्किटांची बशी तिच्यापर्यंत पोचली नाही. पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवताना तिला कुणी विचारलं नाही. काकू खुर्ची ओढून धाकटीच्या अगदी जवळ येऊन बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"तुम्हाला ठाऊकच नव्हतं ना?" त्या कुजबुजल्या. "तोंड किती उतरलंय हो तुमचं. इतके दिवस आम्हाला काय काय सांगत होत्या, आणि आतून हे! तुम्ही तिथे असतात, तर असं होऊ दिलं नसतंत."

धाकटी कपातल्या सायीकडे बघत राहिली.

ताई उठली. दाराशी जाऊन तिनं चपला घातल्या, एका पायाची नीट बसेना म्हणून वाकून पट्टा ओढला. घरून दोघी एकाच रिक्षानं आल्या होत्या.

"येतेस ना?" तिनं विचारलं.

सगळे धाकटीकडे बघत होते, आणि त्या बघण्यात तिच्याबद्दल फक्त माया होती.

"तू हो पुढे," धाकटी म्हणाली.

ताईनं मान हलवली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला.

"हात किती गार पडलाय हा!" असं म्हणून काकू तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागल्या. धाकटीनं तो काढून घेतला नाही.