दुसरं बटण

अब्बू गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला चार दिवस उरले होते आणि सुमैराच्या पर्समध्ये सही न केलेला एक कागद होता. उद्या सकाळी कारखाना निरीक्षक यायच्या आत त्यावर सही हवी, असं कारखान्याचे व्यवस्थापक हर्षल सर यांनी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा आवाज न चढवता. तिला भीती वाटत होती ती त्या शांतपणाचीच.

कागदावर चारच ओळी होत्या. कामगार अजिनाथने आपल्या मनाने पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या एका बटणाला चिकटपट्टी लावली, त्यामुळे त्याची तीन बोटं गेली, असं सुरक्षा अधिकारी म्हणून आपण तपासून लिहीत आहोत.

तपासलं तर तिने होतंच. प्रेसला दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणून हात आत सापडत नाही. एक बटण पट्टीने कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. अपघातानंतर तिने फोटो काढले, तेव्हा कारखान्यातल्या आठही प्रेसवर पट्टी होती, कारखान्याच्याच स्टोअरमधून मिळते ती. आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी फेरी मारताना तिने ती पट्टी पाहिली होती. अब्बू तेव्हा आयसीयूत होते. उद्या बोलू, असं म्हणून ती पुढे गेली होती.

काल दवाखान्यात अजिनाथची आई, लंकाबाई, ऊसतोडीच्या फडावरून थेट आली होती. “तुमी खरं तेच लिव्हाल न्हवं, म्याडम?” एवढंच तिने विचारलं. सुमैराने तिला चहा आणून दिला.

“ही लाल पुस्तकं कुठं ठेवायची?” अम्मीने कपाट रिकामं करता करता विचारलं. “मौलाना इथंच बसतील फातेहाला.”

“अब्बू कसे होते ते त्यांना माहीत आहे.”

“माहीत का नसेल? शुक्रवारी मशिदीत, शनिवारी मोर्च्यात. मौलाना त्यांना म्हणायचे, बाबाजान, एक दिवस तरी घरी बसा.” अम्मी हसली, आणि ओढणीने डोळे पुसून पुन्हा पुस्तकं काढू लागली.

वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली जाड कादंबरी सुमैराने हातात घेतली. अर्धं आयुष्य साम्यवादी देशात आणि अर्धं भांडवलशाही देशात काढलेल्या माणसाने ती लिहिली होती. अब्बू दरवर्षी ती वाचायचे आणि दरवर्षी तिच्याशी भांडायचे. समासात जागोजागी लाल शाईने ‘खोटं’ लिहिलेलं होतं. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षाने त्यांना दोन वर्षं सोव्हिएत देशात शिकायला पाठवलं होतं. तिथं कुणी बेकार नव्हतं, दवाखान्यात पैसे मागत नव्हते, आणि गालिना नावाची बाई यंत्र शिकवता शिकवता रोज एक सफरचंद द्यायची. त्यांची गोष्ट नेहमी त्या सफरचंदापाशी संपायची.

एका पानावर ‘खोटं’ नव्हतं. तिथं कादंबरीकाराने लिहिलं होतं, की मालक सरकार असो नाहीतर शेठ, मला दोनच प्रश्न पडतात. घाई कुणाची, आणि हात कुणाचा?

खाली पेन्सिलीत अब्बूंचं बारीक अक्षर होतं. ‘१९८६. महिन्याचं उद्दिष्ट गाठायचं होतं. फोरमनने बटणात खुंटी ठोकली. गालिनाचा हात गेला. खुंटी तिनेच घातली, अशा कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. परत पाठवतील म्हणून भ्यालो.’

सुमैराने ते पुन्हा वाचलं. तिकडे उद्दिष्ट, इकडे ऑर्डर. अब्बूंना घरी पाठवतील याची भीती होती, आणि तिला घरी बसवतील याची. याहून दुसरा फरक तिला दिसेना. यावर त्यांच्याशी वाद घालायला हवा होता, आणि ते नव्हते.

फोन वाजला.

“मॅडम, घरात दुःख आहे, कळतं मला,” हर्षल सर म्हणाले. “पण फेरीत पट्टी तुम्हालाही दिसली असेलच ना? सही नाही झाली, तर ते तुमच्यावरच येईल. नागापूरची एमआयडीसी तशी लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात. दुसरीकडे कोण घेईल?”

“विचार करते, सर.”

“विचार नको. सही करा.”

तिने कागद काढला आणि उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘पट्टी आठही प्रेसवर होती. अपघाताआधी मी ती पाहिली होती आणि कळवलं नाही.’ अक्षर वाकडं येत होतं. खाली केलेली सही मात्र नेहमीसारखी आली, याचं तिला नवल वाटलं. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून तिने आठही प्रेसच्या फोटोंसोबत निरीक्षकांना पाठवले. मग लंकाबाईलाही. तिला वाचता येत नव्हतं, पण अजिनाथला येत होतं.

तिने कागद घडी करून पुन्हा पर्समध्ये ठेवला.

“हे ठेवायचं की द्यायचं?” अम्मीने कादंबरी उचलून विचारलं.

“राहू दे. मौलाना आले तरी राहू दे.”

फोन पुन्हा वाजू लागला, पडद्यावर तेच नाव. तो हातातून निसटेल असं वाटून तिने दोन्ही हातांनी धरला.

“पाठवलं, सर,” ती म्हणाली. “निरीक्षकांना. आठही प्रेसचे फोटो.” आणि ते काय म्हणतात ते ऐकायला तिने फोन कानाशीच धरून ठेवला.