देवयानीचा फोटो

घड्याळजींच्या हाताने आयुष्यभर कधी दगा दिला नव्हता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागच्या जागी बसवणारा माणूस! पण आजारातून उठले आणि हात कापायला लागला. दुकान तर मुलाने आधीच बंद करायला लावलं होतं. राहिली होती गच्चीवरची दुर्बीण.

देवयानी दीर्घिकेचा एक धड फोटो काढायचा, हे त्यांचं जुनं वेड. आकाशाबरोबर दुर्बीण हळूहळू सरकवणारी मोटर त्यांनी घड्याळाच्या चाकांतूनच जुळवली होती. ती बिचारी बिनबोभाट चालायची. घोडं अडायचं ते फोकसपाशी. चकतीला बोट लागलं की दुर्बीण थरथरायची आणि ताऱ्यांच्या अळ्या व्हायच्या.

शेवटी त्यांनी गावातल्या शाळेच्या मास्तरांना निरोप धाडला, "दुर्बीण घेऊन जा. मुलांच्या तरी उपयोगी पडेल."

मास्तर यायच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, सून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. ती बेकरीत केक सजवायची. सासरे दुर्बिणीला शिव्या घालताहेत हे ऐकून ती थबकली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. हातच मेला ऐकत नाही."

एवढं बोलणंही त्यांना जड गेलं. घरात मदत मागायची त्यांना सवयच नव्हती. सुनेने कपड्यांचं बोचकं खाली ठेवलं.

"मी फिरवू? कुठवर फिरवायचं तेवढं सांगा."

"तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. पण धक्का नको हं."

"केकवर नाव लिहिताना मी श्वास सोडते आणि थांबते. मग हात हलत नाही."

तिने श्वास सोडला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फुगलेला तारा आक्रसत आक्रसत टिंब झाला. घड्याळजी ओरडलेच, "बस्स! तिथंच!"

मग कॅमेरा फोटोमागून फोटो घेत राहिला. मुलगा दोनदा जेवायला हाक मारून कंटाळला आणि शेवटी ताटंच वर घेऊन आला. सगळे फोटो संगणकावर एकावर एक रचले, तसा काळोखातून एक तिरका, फिकट भोवरा वर आला. कडेने धुळीच्या काळ्या रेघा, शेजारी दोन धूसर ठिपके.

"हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय," घड्याळजी म्हणाले.

"आणि आपल्या घरी पोचेपर्यंत भाकऱ्या गार झाल्या," मुलगा म्हणाला. सून खळखळून हसली.

सकाळी मास्तर रिकामी खोकी घेऊन दारात हजर. घड्याळजी ओशाळले. दिलेला शब्द मोडायचा कसा? तेवढ्यात सूनच पुढे झाली.

"मास्तर, दुर्बीण काही मिळायची नाही. पण मुलांना घेऊन या. फोकस मी लावते, बाकीचं बाबा सांगतील."

मास्तरांनी रात्रीच छापून भिंतीला टेकवलेला फोटो पाहिला आणि खोकी खाली ठेवली. "मग तर फारच उत्तम! आमच्याकडे दुर्बीण कुणाला लावता आली असती?"

मास्तर गेल्यावर घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. सून कणीक मळत होती.

"सूनबाई."

"हं?"

"हात गेल्याचं दुःख फार केलं मी. घरात दुसरे हात आहेत, हे दिसलंच नाही. फार उपकार झाले गं तुझे."

"उपकार कसले, बाबा!" ती म्हणाली. "त्या शेजारच्या ठिपक्यांचं सांगा ना. तेही दीर्घिकाच का?"

घड्याळजींनी स्टूल ओढलं आणि ते सांगायला बसले.