डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा गुडघा

मी गुडघा बोलतोय. दचकू नका, प्लास्टिकचा आहे. वाकतो, सरळ होतो आणि ऑपरेशननंतरचा सांधा दाखवायला धातूची टोपीही घालतो. राहायला डॉक्टरबाईंच्या टेबलावर. कान नसले तरी खोलीतलं एक अक्षर माझ्याकडून सुटत नाही. दुसऱ्याच्या दुखण्यात मला भारी रस.

कारखान्यातून मोठ्या तोऱ्यात आलो आणि बरीच वर्षं नुसते कागद दाबत बसलो. डॉक्टरबाई सांगायच्या, पेशंट "बरं" म्हणायचे आणि दाराबाहेर जाऊन एकमेकांना विचारायचे, "काय म्हणाल्या हो त्या?" हे एकदा बाईंच्या कानावर पडलं. तेव्हापासून त्या मला पेशंटच्या हातात द्यायला लागल्या.

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी मुलाला घेऊन आल्या, तो दिवस आठवतो.

"ऑपरेशनची तारीख द्या फक्त," मुलगा म्हणाला. "मी रजा टाकलीय."

"मावशी, तुमचं काय म्हणणं?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणाल ते."

"गुडघ्यातलं मला कळतं. तुमच्या घरातलं मला काय कळणार?"

मावशींनी मला टोपीसकट वाकवून बघितलं. "असा बसवला की मांडी घालता येईल?"

"दुखणं बरंच कमी होईल. पण जमिनीवर बसणं टाळावं लागेल."

"मग पोरांना निजवू कुठं?"

"आई, सोड ना आता ती पोरं."

"तुला सांभाळताना नाही कुणी म्हणालं, सोड म्हणून."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी काय बोलणार?

बाईंनी दुसरा रस्ताही सांगितला: रोजचा व्यायाम, लागली तर गोळी. दुखणं पूर्ण जाणार नाही, हेही सांगितलं. मावशींनी व्यायाम निवडला.

मला पेशंटच्या हातात द्यायची ही पद्धत पसरली. शेजारचे दातांचे डॉक्टर मला उसना मागायला आले. गुडघा नेऊन करणार काय? मग त्यांनी जबडा आणला. तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो म्हणे.

सगळ्यांच्या हाताळण्यानं मी आता खिळखिळा झालोय. तक्रार नाही. तुम्हीही या, मला वाकवा, जे वाटेल ते विचारा.

परवा मावशी पुन्हा आल्या. व्यायाम मन लावून केला होता, पण दुखण्यानं रात्रीची झोप गेली होती.

"बसवा नवीन सांधा," त्या म्हणाल्या. "पोरांना पलंगावर निजवीन."

मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, तेव्हा मी हेच सांगत होतो ना?"

"तेव्हा तू सांगत होतास," मावशी म्हणाल्या. "आता मी सांगतेय."